गुणगौरवानंतरची दोन वर्षं: गावोगावच्या मुंबई मंडळांना खुलं पत्र

प्रति,
कोकणातल्या गावोगावच्या मुंबईस्थित ग्रामस्थ मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षं लिपिक होतो. शिक्षक नव्हतो, त्यामुळे मुलांना वर्गात काय शिकवावं यावर मी बोलणार नाही. माझ्या टेबलावर जनरल रजिस्टर असायचं. मूल पाचवीत आलं की त्याचं नाव मी चढवायचो आणि दहावी झाली की शाळा सोडल्याचा दाखलाही मीच लिहायचो. शिक्षकांचा मुलाशी संबंध बहुधा तिथे संपतो, लिपिकाचा संपत नाही. कुणी पाच वर्षांनी पासपोर्टसाठी येतो, कुणी कर्जासाठी, कुणी पोलीस भरतीसाठी. लग्न झालेली मुलगी नावातली चूक दुरुस्त करायला येते. दाखल्याची दुसरी प्रत तयार होईपर्यंत ती सगळी बाकावर बसतात आणि मी विचारतो, कुठे असतोस, काय करतोस, किती मिळतात. आपल्या भागात हे विचारणं कुणाला खटकत नाही. ती उत्तरं मी एका दोनशे पानी वहीत लिहीत गेलो. पुढे एकाच्या तीन वह्या झाल्या.

त्या वह्यांच्या आधारावर हे पत्र आहे.

दर मे महिन्यात तुम्ही गावी येता. सत्यनारायणाच्या पूजेला लागून गुणगौरव होतो. दहावीतल्या पहिल्या तिघांची यादी वर्षानुवर्षं मीच करून दिली. ढाल, दप्तर, वह्या, पाचशे रुपयांचं पाकीट. या पैशामागे काय असतं ते मला ठाऊक आहे. माझे वडील गिरणीत होते. घरी मनीऑर्डर दोन दिवस उशिरा आली असेल, पण मंडळाची वर्गणी त्यांनी कधी चुकवली नाही. आमच्या शाळेची पहिली इमारतही अशाच वर्गणीतून उभी राहिली. चिरे गावानं वाहिले, कौलं मंडळानं घेतली. तेव्हा हे पत्र तक्रारीचं नाही. मला मागायचं आहे ते एवढंच, की तुमचा पैसा आणि त्याहूनही जास्त तुमचा वेळ दहावीनंतरच्या दोन-तीन वर्षांवर लावा. आपली मुलं मिळकतीत मागे पडतात ती तिथे.

निकालाचं म्हणाल तर आपण मागे नाहीच. दहावी-बारावीच्या परीक्षांचं कोकण विभागीय मंडळ वेगळं झालं तेव्हापासून निकालात ते राज्यात पहिलं आहे. २०२५ च्या दहावीत राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, आपला ९८.८२. प्रत्येक गुणगौरवात हा आकडा वाचला जातो, टाळ्या पडतात, आणि त्या पडाव्यातच. पण त्याचा दुसरा अर्थही नीट पाहायला हवा. फेब्रुवारीत आंब्याची पहिली पेटी वाशीच्या बाजारात जाते तेव्हा तिला भाव असतो. मे अखेरीस तोच हापूस कॅनिंगला किलोवर जातो. आंबा तोच, पण तेव्हा तो सगळ्यांच्याच बागेत असतो. दहावी पास होणं आज तसंच सगळ्यांच्या घरात आलं आहे. नुसत्या त्या गुणपत्रिकेवर मालक जास्त पगार देत नाही.

आपल्या वडील-आजोबांच्या वेळी तसं नव्हतं. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे जुनी सातवीची परीक्षा, पास झालेला माणूस शाळामास्तर व्हायचा, वाडीत त्याला मान असायचा, महिन्याला बांधलेला पगार असायचा. चौथी-सातवीवर मुंबईला गेलेला बदली कामगार म्हणून गिरणीत लागायचा आणि काही वर्षांत कायम व्हायचा. अंगमेहनत, गाववाल्याची ओळख आणि थोडं लिहिता-वाचता येणं यावर खोली, संसार आणि गावचं घर चालत असे. जानेवारी १९८२ चा संप झाला आणि तो रस्ता बंद पडला. माझ्या वडिलांच्या वयाचे कितीतरी जण त्यानंतर गावी परतले आणि परत काही उभे राहू शकले नाहीत. तरीही ‘शिक आणि मुंबईला ये’ हे वाक्य आपण सोडलं नाही. आपल्याकडे ते इतकं खोल रुजलं आहे की २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली निघाली. मुलं जातच आहेत. कोणत्या शिक्षणावर जातात, हे मात्र कुणी विचारत नाही.

शिक्षणानं मिळकत वाढते का, या प्रश्नावर अर्थतज्ज्ञांनी आयुष्यं घालवली आहेत. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये १३९ देशांतले निष्कर्ष एकत्र मांडले. सरासरीनं शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे कमाई ९ टक्क्यांच्या आसपास वाढते, असं त्यातून दिसलं. इंडोनेशियाचं उदाहरण मला त्याहून भावलं. तिथल्या सरकारनं १९७३ पासून पाच-सहा वर्षांत ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या. ती मुलं मोठी होऊन कामाला लागली तेव्हा अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी त्यांची मजुरी तपासली. शाळेमुळे मिळालेल्या प्रत्येक वर्षामागे ती अंदाजे ७ ते १० टक्क्यांनी वाढली होती. गावात शाळा आली म्हणून कमाई वाढली, हे यात स्वच्छ दिसतं. पटसंख्येचं कारण देऊन वाडीतली शाळा बंद करायची गोष्ट निघते तेव्हा मला हे आकडे आठवतात आणि रात्री झोप लागत नाही.

पण सरासरी ही सरासरीच. माझ्या वहीत एकाच बाकावरची दोन मुलं आहेत. एकाला ८४ टक्के, दुसऱ्याला ६२. ८४ वाल्याचा तुम्ही सत्कार केला होता. ८४ म्हणजे सायन्स, हे घरी-दारी कुणी वेगळं ठरवावंच लागलं नाही. ज्युनिअर कॉलेज २२ किलोमीटरवर. पहाटे सहाची एसटी, संध्याकाळी घरी यायला सात. गणिताच्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी, शिकवणी रत्नागिरीला, ती परवडणारी नव्हती. बारावीला ४८ टक्के पडले आणि सीईटीचा विषयच संपला. तो आज भिवंडीच्या गोदामात माल चढवतो. महिन्याला पंधरा हजार, त्यातून ठाण्याजवळ दिवा इथल्या खोलीच्या भाड्याचा वाटा जातो. ६२ वाल्याला सायन्स मिळालं नाही म्हणून आयटीआयला गेला, डिझेल मेकॅनिक झाला. दोन वर्षं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका मिस्त्रीच्या हाताखाली होता, आता स्वतः बोटींची इंजिनं उतरवतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा त्याला जेवायला फुरसत नसते.

यावरून सगळ्यांना आयटीआयला पाठवा, असा अर्थ कृपया काढू नका. गरिबाच्या पोरानं पान्हा धरावा आणि शिकलेल्यांच्या पोरानं इंजिनिअर व्हावं, असं म्हणणारे लोक मला भेटतात आणि मला त्यांचा राग येतो. त्याच बॅचमधली एक मुलगी रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात गेली, पदविका पुरी केली, पुढे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवीही केली. वहीत तिचा पगार लिहिताना मी आकडा दोनदा विचारला. त्या ८४ टक्केवाल्यात तेवढीच ताकद होती. त्याला कमी पडलं ते वय १६ ते १८ मधलं गणित, एसटी आणि कुणीतरी जवळ बसून सांगणारं माणूस.

वहीत आणखी एक गट दिसतो, आणि तो सगळ्यात मोठा आहे. ‘एफवाय झालं, दोन केटी राहिल्या.’ ‘एसवायपर्यंत केलं.’ पदवी अर्धवट राहिलेल्या या मुलांनी तेरा-चौदा वर्षं शाळा-कॉलेजात घातली, पण अर्जावर शिक्षणाच्या रकान्यात त्यांना बारावीच लिहावं लागतं. मधली वर्षं आणि मधला खर्च कुठेच धरला जात नाही. कागद पुरा झाला तर भाव, अर्धा राहिला तर शून्य. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण बाजार असाच चालतो. सरकारचा हिशेबही बघा. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. त्यात बारावी झालेल्याला महिन्याला ६,००० रुपये विद्यावेतन, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. दहावीनंतर बारावीला दोन वर्षं लागतात, आयटीआयचे बरेचसे ट्रेडही दोनच वर्षांचे. वर्षं तेवढीच, पण दरमहा दोन हजारांचा फरक सरकारनं स्वतः लावला. हे मी शेवटची दोन वर्षं दहावीच्या पालकांना फळ्यावर लिहून दाखवलं. कितीतरी जणांना ते पहिल्यांदाच कळलं.

इंग्रजीचा विषय निघतोच, म्हणून दोन वाक्यं. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी वाडीत येऊ लागली आणि मराठी शाळेचा पट अर्ध्यावर आला. इंग्रजी उत्तम बोलणाऱ्या पुरुषांची तासाची कमाई न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी जास्त, असं २००५ च्या देशव्यापी पाहणीवरून निघालं आहे. मात्र तो फायदा अधिक शिकलेल्यांना जास्त मिळतो, हेही त्याच अभ्यासात आहे. बारावीत अडकलेल्याला इंग्रजी एकटी फारशी तारत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. हे काम माझ्या टेबलावरचं आहे आणि यात तुम्हीच कामाला येऊ शकता.

आपली मुलं फीमुळे अडतात असं सगळे समजतात. फीच्या सवलती आज बऱ्याच आहेत. जुलै २०२४ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनाही मिळतो. पण यातलं काहीही कागदाशिवाय हातात येत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, प्रांताधिकाऱ्यांकडून नॉन क्रीमी लेयर, आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. निकाल लागल्यावर पालक सेतूच्या रांगेत उभे राहतात. तोवर लावणी सुरू झालेली असते, प्रवेशाची फेरी निघून जाते आणि मूल ‘जवळचं मिळेल ते’ घेतं. त्याची पुढची चाळीस वर्षांची कमाई त्या एका महिन्यात ठरून जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वैधतेला जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. गावातल्या शाळेत आजोबांचं नाव सापडलं तर प्रश्न मिटतो. पण आपल्या कोकणात कित्येकांचे आजोबा गावात शिकलेच नाहीत. ते लहानपणीच बापासोबत मुंबईला गेले आणि लालबाग, परळ, नायगाव, वरळीच्या म्युनिसिपल शाळेत बसले. पुरावा तिथल्या रजिस्टरात आहे. ती शाळा आज दुसऱ्या शाळेत मिसळलेली असते, रजिस्टर तिसरीकडे असतं, आणि हे शोधायला गावातून निघणारा बाप म्हणजे वरकस जमिनीत नाचणी पिकवणारा, मुंबईत उतरायला जागा नसलेला माणूस. त्याच्या दोन फेऱ्यांत मोसमाची मजुरी जाते. तुम्ही मात्र त्याच शाळेच्या दोन गल्ल्या पलीकडे राहता.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून ९१ टक्के मिळवून गेलेल्या एका मुलीचा प्रवेश एका खासगी कॉलेजात राखीव जागेवर झाला होता. वैधता मुदतीत आली नाही. कॉलेजनं खुल्या गटाची पूर्ण फी मागितली. तिच्या वडिलांनी प्रवेश काढून घेतला. तिनं पुढे बाहेरून बी.ए. केलं. आज ती काजूच्या कारखान्यात रोजानं जाते. त्या कामाला मी कमी लेखत नाही, तिच्या घरात त्याच रोजावर चूल पेटते. पण पणजोबांच्या नावाचा उतारा तिच्या प्रवेशानंतर आठ महिन्यांनी मिळाला. मंडळातला एक जण रविवारी सहज म्हणून गेला आणि दोन तासांत घेऊन आला.

माझ्या हातूनही एक चूक झाली आहे, तीही इथेच सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाच्या वडिलांचं नाव मी रजिस्टरात चुकीचं चढवलं. अठरा वर्षांनी त्याच्या पोलीस भरतीच्या कागदपत्रांत ते उघडकीला आलं. दुरुस्तीच्या फेऱ्यांत त्याची ती भरती हुकली. मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर हात जोडले. ती म्हणाली, “भाऊ, नशीब.” ते नशीब नव्हतं. तेव्हापासून नववीतच प्रत्येकाचा दाखला पालकाला दाखवून, अक्षर न् अक्षर वाचून घ्यायची पद्धत मी सुरू केली.

महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरूडहून परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले होते, डोंगर आणि पाऊस तुडवत. तिथे सतरा वर्षांचे दिसत नाहीत म्हणून त्यांना परत पाठवलं. पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा दिली. ही गोष्ट आपण मुलांना जिद्दीची म्हणून सांगतो. मला तीत दुसरंही दिसतं. त्या मुलाचं वय सांगणारं एक माणूस, एक कागद त्या दिवशी साताऱ्यात असता तर ती पायपीट एकदाच झाली असती.

कागदानंतर राहण्याचा आणि जेवणाचा प्रश्न येतो. फी माफ झाली तरी रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ किंवा पुण्यात खाट आणि मेस लागते, आणि शासनाचा भत्ता वर्ष संपत आल्यावर खात्यात येतो. पहिले चार महिने मुलानं काय खायचं? मधेच सोडून आलेल्या मुलांना मी कारण विचारलं आहे. अभ्यास जमला नाही असं थोडे म्हणाले. मेसचे पैसे थकले, असं म्हणणारे जास्त. आपल्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याच्या घराण्यातले बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ती होती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बक्षीस म्हणून एकदा पाकीट देऊन महाराज थांबले नव्हते. माणूस परक्या मुलखात जगून शिकेल, एवढा आधार त्यांनी महिन्या-महिन्याला दिला.

मुलींच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे. गुणगौरवाच्या यादीत पहिल्या तीनांत मुलीच जास्त असतात. पुढे त्याच मुलींना ‘इथंच काहीतरी कर’ म्हणून थांबवतात, कारण मुलगा मित्राच्या खोलीत पथारी टाकतो, मुलीला वसतिगृहच लागतं. रत्नागिरीत किंवा चिपळुणात एक चांगलं घर भाड्यानं घेऊन तिथे एखाद्या सेवानिवृत्त बाईंना ठेवलं, तर चार गावांच्या आठ मुली राहू शकतील. चार मंडळांनी मिळून करण्याजोगं हे काम आहे. एकाच मंडळावर भार नको.

गावात राहणाऱ्यांविषयीही लिहिलं पाहिजे, कारण तुम्हाला तेही हवं असतं. आपली मुलं पंधरा हजारांसाठी मुंबईला जातात आणि आपल्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात. ती माणसं कष्टाळू आहेत, त्यांच्यावर बोट नाही. पण बागेतलं काम नुसत्या राखणीचं नसतं. कोय कलम बांधता येणं, जुन्या झाडांची छाटणी, फवारणी कधी थांबवायची, काजूची वेंगुर्ला-४ लावायची की वेंगुर्ला-७, ही सगळी विद्याच आहे, आणि तिला पैसे आहेत. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या दारात आहे. माझ्या वहीतला एक मुलगा कृषी पदविका करून परत आला, त्यानं सामायिक जमिनीच्या कडेला रोपवाटिका टाकली. सातबाऱ्यावर अठरा नावं असल्यानं त्याला बँकेनं कर्ज नाकारलं. त्या अठरांतली अकरा माणसं मुंबईत आहेत, तुमच्यातली. संमतीच्या सह्यांना दीड वर्ष लागलं. पोराच्या शिक्षणाचं उत्पन्न तेवढ्या काळ तुमच्या सह्यांसाठी थांबलं होतं, हे मला लिहावंच लागेल.

तर मागणी अशी. गुणगौरव करा, पण तो मे महिन्यातच न संपवता नववीच्या मुलांपासून सुरू करा. गणपतीत सगळी मुंबई गावात असते. त्या पाच दिवसांत एक सकाळ नववी-दहावीच्या पालकांना बोलवा आणि प्रत्येक घराचे कागद तपासा. काय आहे, काय नाही, कुठलं मुंबईत शोधायचं. ढालींच्या पैशातून दोन मुलांची मेस दरमहा भरा, शासनाचा भत्ता आला की त्यांनी ती रक्कम पुढच्या मुलासाठी परत करावी. आणि मंडळात जे कुणी नर्स आहेत, फिटर आहेत, बँकेत आहेत, बोटीवर आहेत, त्यांनी व्यासपीठावरून भाषण न करता मुलांमध्ये बसून आपला खरा पगार सांगावा आणि तिथे पोचायला किती वर्षं लागली तेही सांगावं. कमी असेल तरी सांगावा. मुलांना मुंबईचं खरं भाडं आणि खरा पगार कुणी सांगतच नाही. गणपतीला येताना नवे कपडे दिसतात, तेवढंच त्यांना माहीत असतं.

यंदा आमच्या गावातली नऊ मुलं दहावीला आहेत. त्यातल्या चौघांच्या आजोबा-पणजोबांची शाळा मुंबईत होती. दोघांची लालबागला, एकाची नायगावला, आणि एकाची वरळीला असं घरचे सांगतात, पण शाळेचं नाव त्यांना आठवत नाही. चौघांची पूर्ण नावं, जन्माचं अंदाजे साल आणि त्या वेळच्या चाळीचा पत्ता मी एका कागदावर लिहून ठेवला आहे. आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींकडे तो येत्या आठवड्यात पोचेल. तुमच्या गावच्या शाळेत जो लिपिक असेल त्याला विचारा, त्याच्याकडेही अशी नावं असतील.

आपला,
एक सेवानिवृत्त शालेय लिपिक
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी